घराण्यातली साखर : दप्तर एकच, कारकून निराळे

विट्याहून एका निवृत्त शिक्षकांचे पत्र आले आहे. ते लिहितात, ‘शरीरातील प्रत्येक पेशीत सर्वच्या सर्व जनुके असतात, असे आम्ही मुलांना वर्षानुवर्षे शिकवीत आलो. मग इन्शुलिन फक्त स्वादुपिंडातच का तयार होते? कातडीत, हाडात, डोळ्यात का होत नाही? तसे झाले असते तर मधुमेहच उरला नसता, नाही का?’

गुरुजींचा प्रश्न वरवर पाहता शाळेच्या फळ्यावरचा वाटतो. परंतु त्याच्या उत्तरात आपल्या सातारा-सांगलीकडील काही घरांचे औषधपाणी, खर्च आणि प्रसंगी सोयरीकही अडकलेली असते. म्हणून आज थोडे विस्ताराने लिहितो. चार-दोन नवी नावे येतील. ती पाठ करण्याची गरज नाही.

प्रथम स्वादुपिंडाची ओळख करून घेऊ. जठराच्या मागे आडवी पसरलेली, सुमारे १५ सेंटिमीटर लांबीची आणि ८० ते १०० ग्रॅम वजनाची ही ग्रंथी. एकाच छपराखाली दोन कारखाने चालावेत तसा तिचा कारभार आहे. मोठा कारखाना पाचक रसांचा. तेथील पेशी स्निग्ध पदार्थ, प्रथिने आणि पिष्टमय पदार्थ पचविणारे रस तयार करून नळीवाटे आतड्यात सोडतात. ग्रंथीचा बहुतेक भाग याच कामाचा. या मोठ्या कारखान्यात विखुरलेले लहान लहान पुंजके १८६९ साली पॉल लँगरहॅन्स या जर्मन वैद्यकीय विद्यार्थ्याला सूक्ष्मदर्शकाखाली दिसले. पुढे त्यांना त्याच्याच नावाने ‘लँगरहॅन्सची बेटे’ म्हणू लागले. अशी सुमारे दहा लाख बेटे असतात. पण सगळ्यांचे मिळून वजन ग्रंथीच्या एक-दोन टक्केच. या बेटांतील बीटा पेशी इन्शुलिन बनवितात आणि रक्तातील साखर उतरवितात. त्यांना अगदी खेटून बसलेल्या अल्फा पेशी ग्लुकॅगॉन बनवितात आणि साखर चढवितात. पाचक रस बनविणारी पेशी, बीटा पेशी आणि अल्फा पेशी या तिघी गर्भात एकाच मूळ पेशीसमूहातून जन्मलेल्या. जनुकेही तिघींची तीच. तरीही एकीचे काम दुसरी करीत नाही. हे कसे घडते?

यासाठी तहसील कचेरीतील रेकॉर्ड रूम डोळ्यांसमोर आणा. हल्ली सातबारा संगणकावर मिळतो, पण जुन्या फेरफाराची नक्कल हवी असेल तर अजूनही खिडकीशी उभे राहावे लागते. मूळ दप्तर कधी खोलीबाहेर जात नाही. अर्ज करायचा, हुकूम व्हायचा, मग त्या पानाची नक्कल निघायची आणि ती घेऊन आपण पुढच्या कामाला लागायचे. पेशीचे केंद्रक म्हणजे ही रेकॉर्ड रूम. डीएनए हे मूळ दप्तर. त्यात प्रथिने कशी बनवावीत हे सांगणारी सुमारे वीस हजार प्रकरणे आहेत. प्रत्येक प्रकरण म्हणजे एक जनुक. दप्तर आतच राहते. लागेल त्या प्रकरणाची नक्कल निघते, तिला आरएनए म्हणतात. ती केंद्रकाबाहेर पेशीच्या कारखान्यात जाते आणि तिच्याबरहुकूम प्रथिन तयार होते. इन्शुलिन हे असेच एक प्रथिन. त्याचे प्रकरण अकराव्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर आहे. ते तुमच्या नखाच्या मुळाशी असलेल्या पेशीतही आहे आणि गालफडातही.

परंतु कोणत्या पानाची नक्कल काढायची हा हुकूम कोण देतो? तो देणाऱ्या प्रथिनांना ‘ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर’ म्हणतात. ट्रान्स्क्रिप्शन म्हणजे नक्कल काढणे. पाठ्यपुस्तकात ‘प्रतिलेखन’ असा शब्द आहे. आपण त्यांना कारकून म्हणू. प्रत्येक जनुकाच्या सुरुवातीला, वहीच्या समासासारखा, डीएनएचा एक पट्टा असतो. त्यावर विशिष्ट अक्षरांच्या खुणा असतात. ज्याची खूण त्याच कारकुनाने तिथे येऊन बसायचे. तो बसला की नक्कल काढणारे यंत्र कामाला लागते. खुणेच्या जागी कोणीच आले नाही, तर जनुक असूनही नसल्यासारखे.

ही नुसती उपमा नाही, प्रयोगाने सिद्ध झालेली गोष्ट आहे. सॅन फ्रान्सिस्को येथील विल्यम रटर यांच्या प्रयोगशाळेने १९८३ साली इन्शुलिन जनुकाच्या आधीचा हा समास कापून वेगळा केला आणि पेशींत घातला. इन्शुलिन बनविणाऱ्या पेशींच्या वाणात तो चालू झाला. पाचक रस बनविणाऱ्या पेशींत गप्प राहिला. कायमोट्रिप्सिन या पाचक रसाचा समास घेतला, तर नेमके उलट घडले. म्हणजे इन्शुलिन कुठे बनावे याचा निकाल बराचसा त्या समासात आणि तिथे येऊन बसणाऱ्या कारकुनांत असतो.

इन्शुलिनच्या समासावर तीन मुख्य कारकून बसतात. त्यांची नावे पीडीएक्स-१, न्यूरोडी-१ आणि मॅफ-ए. एकट्यादुकट्याने नीट काम होत नाही. बँकेच्या संयुक्त खात्याला सगळ्यांच्या सह्या लागतात तसे. हे तिघे एकत्र पुरेशा प्रमाणात असतात ते बीटा पेशीतच. शिवाय कातडीच्या पेशीत इन्शुलिनचे प्रकरण घट्ट रुमालात बांधून ठेवलेले असते. पुण्याच्या पेशवे दप्तरातील कागद जसे कापडी रुमालांत बांधले जात, तसेच डीएनएही प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. नको असलेला भाग आवळलेला, हवा असलेला भाग सैल. गाठ सुटलेली नसेल तर कारकून येऊनही उपयोग नाही. गुरुजींच्या पहिल्या प्रश्नाचे हे उत्तर.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र ‘नाही’ असे आहे. कातडीने किंवा हाडाने इन्शुलिन बनविले असते तर आपण जगलोच नसतो. इन्शुलिन बनविणे हे निम्मे काम. ते केव्हा सोडायचे आणि केव्हा रोखायचे, हे दुसरे निम्मे. बीटा पेशीकडे रक्तातील साखर क्षणोक्षणी मोजण्याची यंत्रणा आहे, आणि त्या यंत्रणेची जनुकेही याच कारकून मंडळींच्या ताब्यात आहेत. जेवलो की इन्शुलिन बाहेर, उपाशी असलो की दार बंद. एकादशीला निर्जळी धरणाऱ्या माणसाच्या अंगात अवेळी इन्शुलिन सुटले तर साखर कोसळून तो बेशुद्ध पडेल.

हे कारकून गर्भातच कामाला लागतात, आणि स्वादुपिंड उभे राहते तेही त्यांच्याच हुकमाने. १९९४ साली उंदरांतील पीडीएक्स-१ चे जनुक पूर्ण बंद केले, तेव्हा पिल्ले स्वादुपिंडाशिवाय जन्मली. १९९७ साली एका मानवी बालकातही हेच आढळले : पीडीएक्स-१ च्या दोन्ही प्रती बिघडलेल्या आणि स्वादुपिंडाचा पत्ता नाही. पीटीएफ-१ए हा दुसरा कारकून पाचक रसाच्या पेशी घडवितो. बेटांतली पेशी अल्फा व्हायची की बीटा, हे ठरविताना एआरएक्स आणि पॅक्स-४ या दोघांची रस्सीखेच चालते. २००८ साली हार्वर्डमधील डग्लस मेल्टन यांच्या गटाने तर कमालच केली. जिवंत उंदराच्या स्वादुपिंडातील पाचक रसाच्या पेशींत त्यांनी एनजीएन-३, पीडीएक्स-१ आणि मॅफ-ए असे तीन कारकून नेमले. त्या पेशी आपला जुना धंदा सोडून बीटा पेशींसारख्या झाल्या आणि इन्शुलिन बनवू लागल्या.

आता प्रयोगशाळेतून दवाखान्यात येऊ.

आम्ही वैद्यकीय महाविद्यालयात होतो तेव्हा मधुमेहाचे मुख्यतः दोन प्रकार शिकविले जात. एक लहान वयातला, ज्यात शरीर स्वतःच्याच बीटा पेशी मारून टाकते आणि इन्शुलिनवाचून गत्यंतर नसते. दुसरा चाळिशीनंतरचा, जाड माणसांचा, गोळ्यांवर चालणारा. तिसरा एक प्रकार पुस्तकात चार ओळींत उरकलेला असे : तरुण वयात सुरू होणारा, तरीही सौम्य, आणि घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या उतरणारा. त्याच्या लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरे जोडली की उच्चार होतो ‘मोडी’. मराठी माणसाला गंमत वाटावी असे हे नाव. आपल्या जुन्या दप्तरांची लिपीही मोडीच, आणि तीही जाणकाराशिवाय कोणाला वाचता येत नाही. या मोडीचे कोडे आमची पिढी पदवी घेऊन बाहेर पडत असताना उलगडले. १९९६ साली शिकागो येथील ग्रॅम बेल यांच्या गटाने व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, अशा अनेक घराण्यांत एचएनएफ-१ए किंवा एचएनएफ-४ए या कारकुनांपैकी एकाच्या जनुकात बिघाड असतो. म्हणजे इन्शुलिनचे पान शाबूत, पण कारभार पाहणारा अधू.

काही वर्षांपूर्वी कऱ्हाडच्या माझ्या दवाखान्यात वाळवा तालुक्यातील बावीस वर्षांची एक मुलगी आईबरोबर आली. खोकल्यासाठी आली होती. कागद पाहता पाहता कळले की, अठराव्या वर्षापासून ती दिवसातून दोनदा इन्शुलिन टोचून घेते. अंगकाठी सडपातळ. इन्शुलिनचे प्रमाण मात्र अगदी थोडे. गावच्या यात्रेत, परीक्षेच्या दिवसांत चार-चार दिवस इंजेक्शन चुकले होते, तरी कधी बेशुद्ध पडली नव्हती, धाप लागली नव्हती, दवाखान्यात भरती व्हावे लागले नव्हते. लहान वयातल्या नेहमीच्या मधुमेहात असे चार दिवस सहसा सुखाने जात नाहीत. घरात आणखी कोणाला आहे का, असे विचारले, तर आई म्हणाली, ‘आमच्या म्हायारी सगळ्यास्नीच हाय की. आमचं अण्णा तिशीपासनं गोळी खात हुतं, सत्तरी गाठली त्यांनी. मला पोरगीच्या येळंपासनं हाय. भावाला बी हाय.’ आजोबा, आई, मामा आणि आता ही मुलगी. तीन पिढ्या, सगळे सडपातळ, सगळे तरुणपणीच.

मी त्यांना मधुमेहतज्ज्ञांकडे पाठविले. दोन साध्या रक्ततपासण्या झाल्या. सी-पेप्टाइडच्या तपासणीत दिसले की, चार वर्षांनंतरही तिचे स्वादुपिंड स्वतःचे इन्शुलिन बऱ्यापैकी बनवीत आहे. बीटा पेशींवर हल्ला करणारी प्रतिद्रव्ये रक्तात नव्हती. मग जनुकाची तपासणी झाली आणि एचएनएफ-१ए मध्ये दोष सापडला. तज्ज्ञांनी आपल्या देखरेखीखाली इन्शुलिन टप्प्याटप्प्याने उतरविले आणि सल्फोनिलयुरिया गटातील एक जुनी, स्वस्त गोळी अगदी लहान प्रमाणात सुरू केली. तिची तीन महिन्यांची साखर पूर्वीपेक्षा चांगली राहू लागली. आजोबांची गोळीही याच गटातली होती.

असे का होते, ते समजून घेण्यासारखे आहे. एचएनएफ-१ए अधू असला की बीटा पेशीत साखर येते, पण तिचा नीट वापर होत नाही आणि ‘इन्शुलिन सोडा’ ही घंटा पुरेशी वाजत नाही. माल कोठारात, दरवाजा बंद. सल्फोनिलयुरियाची गोळी घंटेची वाट न पाहता थेट दरवाजावर काम करते. म्हणून अशा रुग्णांना ही गोळी विलक्षण लागू पडते, हे २००३ साली इंग्लंडमधील एक्झिटरच्या डॉक्टरांनी रीतसर तुलना करून दाखविले. इतकी लागू पडते की नेहमीच्या प्रमाणात दिली तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते.

या बिघाडाची आणखी एक खूण आमच्यासारख्या गावोगावच्या डॉक्टरांना उपयोगी आहे. हा कारकून केवळ स्वादुपिंडात नसतो. यकृतात, आतड्यात, मूत्रपिंडातही नोकरीला असतो. प्रत्येक कचेरीत तो निराळी पाने उघडतो. मूत्रपिंडात तो गाळलेली साखर परत रक्तात ओढून घेणाऱ्या प्रथिनाचे पान उघडतो. तो अधू असला की रक्तातील साखर फारशी वाढलेली नसतानाही लघवीत साखर उतरते. एचएनएफ-१बी हा त्याचा भाऊबंद बिघडला तर मधुमेहाबरोबर मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी आढळतात. एकाच माणसाला मधुमेहाची आणि मूत्रपिंडाची अशा दोन फायली घेऊन दोन तज्ज्ञांकडे हिंडावे लागते, आणि दोन्हींचे मूळ एकच असते.

हा प्रकार फार मोठ्या प्रमाणात आढळतो असा कोणी समज करून घेऊ नये. युरोपातील पाहण्यांवरून शंभर मधुमेहींमध्ये एक-दोघांना तो असतो. परंतु ब्रिटनसारख्या देशातही अशा रुग्णांपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिकांचे नेमके निदान झालेलेच नसते, असा अंदाज २०१० साली तेथील डॉक्टरांनीच मांडला. आपल्याकडे तर ‘घराण्यातच आहे’ असे म्हणून विषय तिथेच संपतो. वास्तविक तिथून तो सुरू व्हायला हवा. पंचविशीच्या आत मधुमेह, आई किंवा बाप आणि आजा-आजी यांपैकी कोणाला तरी तो तरुणपणीच झालेला, अंग स्थूल नाही, इन्शुलिन चुकले तरी जीवघेणा त्रास झालेला नाही. एवढे जुळत असेल तर आपल्या डॉक्टरांना ‘ही मोडी तर नव्हे?’ असे जरूर विचारावे. जनुकाची तपासणी थोडक्या खर्चात होत नाही, म्हणून आधी सी-पेप्टाइड आणि प्रतिद्रव्यांची तपासणी करून मगच तिकडे वळणे शहाणपणाचे.

एक गोष्ट मात्र ठळक सांगतो. हा लेख वाचून कोणीही आपले किंवा मुलाचे इन्शुलिन बंद करू नये. लहान वयातल्या नेहमीच्या मधुमेहातही सुरुवातीचे काही महिने, क्वचित वर्षभर, इन्शुलिन फार थोडे लागते. त्या काळात ‘बरे वाटते’ म्हणून इंजेक्शन सोडणाऱ्या मुलांचा जीव गेल्याची उदाहरणे प्रत्येक जुन्या डॉक्टरला माहीत आहेत. शंका विचारावी, सुई चालू ठेवावी. निर्णय तपासणीनंतर, तज्ज्ञांनीच घ्यायचा.

त्या मुलीच्या घरी खरा पेच औषधाचा नव्हताच. स्थळे येत होती. घरातल्या वडीलधाऱ्यांचे म्हणणे होते की, सांगू नये. गोळी काय, कोणीही कसलीही खाते. मुलीचे म्हणणे होते की, सांगायचे. माझा कौल मुलीच्या बाजूने पडला. लपविलेली गोळी पहिल्याच बाळंतपणात उघडी पडते, आणि त्या नऊ महिन्यांत औषधे बदलावी लागत असल्याने डॉक्टरांना सारे माहीत असणे आईच्या व बाळाच्या हिताचे असते. मोडीमध्ये प्रत्येक अपत्याला दोष मिळण्याची शक्यता निम्मी असते, मुलगा असो वा मुलगी. निम्म्यांना तो मिळतच नाही, आणि ज्याला मिळाला नाही त्याच्या पुढच्या पिढीतही तो उतरत नाही. हे नीट समजावून सांगितले की समोरचे लोक आपण समजतो तितके बिथरत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

आपल्या भागात मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल जुनी आहे. त्या मुलीच्या भावासाठी मामाच्या घरीच बोलणी चालली होती. दोघांचीही तपासणी होऊ द्या, एवढेच मी सुचविले. आईकडून आलेला दोष भावात असेल आणि तोच मामाच्या मुलीतही असेल, तर त्यांच्या बाळाला दोन्हीकडून बिघडलेली प्रत मिळण्याची शक्यता चारात एक. वर सांगितलेले स्वादुपिंडाविना जन्मलेले बालक आठवा. त्याच्या आईबापांकडे प्रत्येकी एकेक प्रत बिघडलेली होती आणि त्या घराण्यातही तरुणपणीच्या मधुमेहाचा इतिहास होता. असे प्रसंग अतिशय विरळा, हे खरे. पण जिथे घरातल्या साखरेचा माग तीन पिढ्या लागतो, तिथे सोयरीक पक्की करण्यापूर्वी विचारून घेण्यात कमीपणा कसला?

आता उरलेल्या अठ्ठ्याण्णव मधुमेहींविषयी. त्यांचा या कारकुनांशी संबंध नाही असे नाही. २००६ साली आइसलँडमधील शास्त्रज्ञांनी टीसीएफ-७एल-२ या कारकुनाच्या जनुकातील एक सर्वसाधारण फरक शोधला. तो असणाऱ्यांत नेहमीचा, चाळिशीतला मधुमेह अधिक आढळतो. आपल्या लोकांत तसेच आहे का, हे पाहण्याचे काम पुण्यातच झाले. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेचे डॉ. गिरिराज चांडक यांनी पुण्यातील रुग्ण तपासून २००७ साली प्रसिद्ध केले की, येथेही हाच फरक मधुमेहाशी ठळकपणे जोडलेला आहे. हा मोडीसारखा जबर दोष नव्हे. एका प्रतीने धोका सुमारे दीडपट होतो, इतकेच. कारकून हजर आहे, जरा कामचुकार आहे. पोट सुटले, बैठे काम वाढले की त्याची उणीव जाणवू लागते.

याच डॉ. याज्ञिकांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास चालविला. तेथील बाळे सरासरी पावणेतीन किलोच्या आत भरली. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची बाळे साडेतीन किलोची. पण अंगावरची चरबी मोजली तर आपल्या बारक्या बाळात ती वजनाच्या मानाने राखलेली, आणि स्नायू तेवढे कमी. आमच्याकडे वजनकाट्यावर सडपातळ दिसणारा माणूस साखरेत का सापडतो, याचा धागा इथपर्यंत जातो.

त्याहून विचार करायला लावणारे काम २०१५ साली प्रसिद्ध झाले. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात काम केलेले आणि नंतर ऑस्ट्रेलियात गेलेले डॉ. आनंदवर्धन हर्डीकर, डॉ. याज्ञिक व सहकाऱ्यांनी पन्नास पिढ्या अपुऱ्या अन्नावर वाढविलेले उंदीर अभ्यासले. त्यांच्यात इन्शुलिनचा परिणाम कमी होत होता आणि ब-१२ जीवनसत्त्व कमी होते. पुढे दोन पिढ्या त्यांना भरपूर खाऊ घातले. ते लठ्ठ झाले. मधुमेहाकडील ओढ काही सुटली नाही. त्यांच्या इन्शुलिन जनुकापाशी डीएनएच्या रिळांवरील खुणाच बदललेल्या आढळल्या. म्हणजे दप्तरातील मजकूर तोच, रुमालाची गाठ मात्र वेगळी बसलेली. माणसांतही उपासमारीचा ठसा पुढे दिसतो. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात दुष्काळ पडला होता. त्या वेळी आईच्या पोटात असलेल्यांची साखर पन्नाशीत तपासली, तेव्हा ती इतरांपेक्षा वाढलेली निघाली. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या आणि सुकडीवर दिवस काढणाऱ्या आयांची लेकरे आज पन्नाशीत आहेत. माण-खटाव, जत-आटपाडीकडून येणाऱ्या या वयाच्या माणसाची साखर, तो कितीही सडसडीत असला, तरी मी न चुकता तपासून घेतो. दवाखान्यात येणाऱ्या गरोदर सुनेच्या ताटात काय वाढले जाते, हेही सासूसमोरच विचारतो.

शेवटी जाहिरातींविषयी. ‘बंद पडलेले स्वादुपिंड पुन्हा चालू करा’ अशी पत्रके अधूनमधून बाजाराच्या दिवशी वाटली जातात. तुम्ही आता जाणता की स्वादुपिंड म्हणजे विहिरीवरची मोटार नव्हे. पेशीच्या केंद्रकात कारकून नेमणारे चूर्ण कोणाकडेही नाही. खरे प्रयत्न कुठवर आले आहेत, तेही सांगतो. प्रयोगशाळेत मूळ पेशींना पायरीपायरीने घडवून, ज्या क्रमाने गर्भात हे कारकून हजर होतात त्याच क्रमाने त्यांना जागे करून, बेटांच्या पेशी तयार केल्या जातात आणि यकृताच्या रक्तवाहिनीत सोडल्या जातात. २०२५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अशा एका चाचणीत पूर्ण मात्रा मिळालेल्या बारा रुग्णांपैकी दहा जणांना वर्षअखेरीस इन्शुलिन टोचावे लागत नव्हते. हे सारे लहान वयातल्या मधुमेहाचे, वारंवार साखर कोसळून बेशुद्ध पडणारे रुग्ण होते. नव्या पेशी शरीराने नाकारू नयेत म्हणून रोगप्रतिकारशक्ती दाबणारी औषधे त्यांना चालू ठेवावी लागतात, आणि त्या औषधांमुळे जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.